हिताची कशी वाढली, आणि आता एवढं विकत का सुटली आहे?

प्रश्न असा आहे: घरातल्या एसीवर हिताची, रस्त्याच्या कामावरच्या पोकलेनवर हिताची, कोपऱ्यावरच्या एटीएमवर हिताची. ही कंपनी मूळ कशाची? टाटांसारखं एखादं घराणं तिच्यामागे आहे का? आणि गेली काही वर्षं ती आपल्याच कंपन्या एकामागून एक विकतेय, म्हणजे आतून पोखरली आहे का?

आधी थोडक्यात सांगतो. मूळ धंदा दुरुस्तीचा, तोही एका तांब्याच्या खाणीतल्या यंत्रांचा. घराणं नाही. पोखरली होती हे खरं, पण ते २००९ च्या आधीचं. विक्री हा त्यावरचा इलाज होता. तुम्ही नावं घेतलेल्या तीन वस्तूंपैकी दोन आता हिताचीच्या ताब्यातही नाहीत, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. एसीचा धंदा २०१५ मध्ये जॉन्सन कंट्रोल्सबरोबरच्या भागीदारीत गेला आणि २०२५ मध्ये पुरता बॉशकडे. टाटा हिताचीच्या पोकलेनमागे जी जपानी कंपनी आहे, तिच्यातला मोठा हिस्सा हिताचीने २०२२ मध्ये विकला. तेव्हा साधारण पाव हिस्सा उरला होता. एटीएमचा धंदा तेवढा त्यांचा.

मी मोटार रिवाइंडिंग आणि मोठ्या फिरत्या यंत्रांच्या देखभालीत आयुष्य काढलं. त्यामुळे ही गोष्ट मी मोटारीच्या बाजूने सांगणार आहे. शेअरच्या बाजूने सांगणारे पुष्कळ आहेत.

टोकियोच्या ईशान्येला, पॅसिफिकच्या किनाऱ्यालगत, इबाराकी प्रांतात अकाझावा नावाची एक जुनी तांब्याची खाण होती. १९०५ च्या डिसेंबरात फुसानोसुके कुहारा या माणसाने ती घेतली आणि तिचं नाव हिताची खाण ठेवलं. कुहारा ओसाकाच्या फुजिता या खाणमालकाचा पुतण्या, खाणधंद्यात मुरलेला, धाडसी, थोडा जुगारीच म्हणा. त्याच्या हाताखाली १९०६ मध्ये एक विद्युत इंजिनियर आला, नामिहेई ओदाइरा. जन्म १८७४ चा, १९०० चा टोकियो इम्पीरियल विद्यापीठाचा पदवीधर. त्या आधी तो टोकियो इलेक्ट्रिक लाइट कंपनीत कोमाहाशी जलविद्युत प्रकल्पावर होता. त्या काळच्या जपानी विद्युत इंजिनियरला याहून मानाची नोकरी नव्हती. ती सोडून हा गडी डोंगरातल्या खाणीवर आला.

का आला, ते समजून घेण्यासारखं आहे. कोमाहाशीवरची महत्त्वाची सगळी यंत्रं युरोप-अमेरिकेतून आलेली होती. जपानी इंजिनियरने पेट्या उघडायच्या, परदेशी माणसाच्या देखरेखीखाली जोडणी करायची आणि पुढे चालवायची. ओदाइराला यंत्रं बनवायची होती. वीज कंपनीत ते कधी जमलं नसतं, कारण वीज कंपनीला तयार आणि खात्रीचं यंत्र हवं असतं. खाणीत मात्र यंत्रं रोज मोडतात.

आणि मोडत होतीच. खाणीतून पाणी उपसणारे पंप, माल वर ओढणारे रहाट, हवा खेळवणारे पंखे, सगळं विजेवर. खाण दमट, हवेत धातूची भुकटी, गंधकाचा धूर, आणि भाराचा काही नेम नाही. बाहेरून मागवलेल्या मोटारी या हालअपेष्टांसाठी बनलेल्याच नव्हत्या. ओदाइराने खाणीच्या आवारातल्या एका लाकडी शेडमध्ये त्या उघडायला, गुंडाळायला, परत बसवायला सुरुवात केली. दुरुस्ती करणाऱ्याला यंत्र कुठे मरतं ते दिसतं. बनवणाऱ्याला ते गिऱ्हाइकाच्या तक्रारीतून कळतं, तेही अर्धवट. पाच-सहाशे मोटारी उघडलेल्या माणसाला डिझाइनची पुस्तकं वाचायची गरज पडत नाही असं मी म्हणणार नाही, पण वाचताना तो भलत्याच ठिकाणी खुणा करतो.

१९१० मध्ये त्या शेडमधून ५ अश्वशक्तीच्या तीन इंडक्शन मोटारी बाहेर पडल्या. कंपनी आपला जन्म तिथूनच मोजते. मालक कुहाराला या उद्योगात फारसा रस नव्हता. त्याला तांबं हवं होतं, मोटारीचा कारखाना नव्हे. ओदाइराने त्याच्या गळी उतरवत उतरवत तो उभा केला. दहा वर्षांनी, १९२० मध्ये, हिताची सेइसाकुशो ही स्वतंत्र कंपनी झाली.

मधल्या काळात पहिलं महायुद्ध झालं आणि युरोपातून येणारी यंत्रं थांबली. जपानमध्ये नद्यांवर वीजकेंद्रं उभी राहत होती आणि टर्बाइन मिळेनात. जो कारखाना काल-परवापर्यंत पंपाच्या मोटारी दुरुस्त करत होता, त्याने १९१५ मध्ये १०,००० अश्वशक्तीची पाण्याची टर्बाइन करून दिली. उडी मोठी होती आणि सगळ्याच उड्या साधल्या असंही नाही. सुरुवातीच्या यंत्रांत बिघाड पुष्कळ निघाले. त्यातून या कंपनीत एक रीत पडली, ती आजही चालते. कापणीनंतर शेतात सरवा वेचतात तसं, काम संपल्यावर मागे राहिलेल्या चुका गोळा करत जायच्या. यंत्र कुठे फसलं ते सगळ्यांसमोर मांडायचं, आणि मांडायचं ते गिऱ्हाइकाचं काय नुकसान झालं या बाजूने. कुमेओ बाबा या त्यांच्या ज्येष्ठ इंजिनियरने ही पद्धत लावली. आपल्याकडे बिघाडाचा अहवाल म्हणजे दोष कोणाच्या माथी मारायचा याची तयारी असते. त्यामुळे मला या रीतीचं टर्बाइनपेक्षाही जास्त कौतुक आहे.

आता मुद्द्याकडे येतो. हा समूह इतक्या दिशांना कसा पसरला, याचं उत्तर मोटारीच्या पोटात आहे.

मोटार जळते म्हणजे नेमकं काय जळतं? तांबं जळत नाही, लोखंडी गाभा तर नाहीच. जळतं ते तारेवरचं आवरण आणि तारांच्या मधल्या जागा भरून काढणारं वार्निश. आमच्या शॉपमध्ये जळकी मोटार आली की आधी जुनं वाइंडिंग तोडून काढायचं, स्लॉट घासून स्वच्छ करायचे, त्यात इन्सुलेशन पेपर बसवायचा, मग कॉइल एकेक करून दाबून उतरवायच्या, वरून वेज ठोकायच्या. इथवर कारागिराच्या हाताचं काम. त्यानंतर वार्निश. लहान मोटार नुसती बुडवून भट्टीत भाजली तरी चालते. मोठीला टाकीत उतरवून आधी सगळी हवा ओढून घ्यावी लागते आणि मग दाबाखाली वार्निश आत ढकलावं लागतं. का, तर एखाद्या कोपऱ्यात हवेचा बुडबुडा राहिला की तिथे कॉइल सैल पडते. सैल कॉइल प्रत्येक स्टार्टला किंचित हलते. हलली की घासते, घासली की आवरण जातं, आणि एके दिवशी धूर. मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावून बघाल तर आदल्या दिवशीपर्यंत रीडिंग चांगलं दिसतं, हा त्यातला खट्याळपणा. वार्निश हलकं असेल तर बाकी सगळी कारागिरी वाया.

ओदाइराच्या माणसांसमोर हाच प्रश्न होता. जपानमध्ये खात्रीचं इन्सुलेशन वार्निश मिळत नव्हतं. म्हणून १९१२ मध्ये त्यांनी ते स्वतः करायला घेतलं. तार चांगली मिळत नव्हती, आणि तांबं तर दाराशीच होतं, म्हणून तार ओढायला घेतली. वार्निशच्या त्या खटाटोपातून पुढे हिताची केमिकल झाली, तारेतून हिताची केबल. केबल १९५६ मध्ये वेगळी कंपनी म्हणून उभी राहिली, केमिकल १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. तिसरी मोठी कंपनी हिताची मेटल्स, तिचं मूळ मात्र बाहेरचं आहे. योशिसुके आयुकावाने १९१० मध्येच काढलेली तोबाता फाउंड्री १९३७ मध्ये हिताचीत विलीन झाली, त्यातून ती आली. या तिघींना समूहात ‘तीन मोठी घराणी’ असा मान होता.

बाकीच्या शाखाही अशाच फुटल्या. मोटार बनवणारा पंखा बनवणारच. मोठी मोटार बनवणारा आज ना उद्या रेल्वे इंजिनाकडे वळतो; १९२१ मध्ये त्यांनी यामागुची प्रांतातला कासादोचा जहाजबांधणी कारखाना घेतला आणि तिथे इंजिनं करायला लागले. १९२४ मध्ये त्यांचं पहिलं मोठं विजेचं रेल्वे इंजिन तयार झालं. शिनकान्सेनचे, म्हणजे जपानी बुलेट ट्रेनचे, डबे आजही त्याच कासादोत होतात. रहाटापासून लिफ्ट, पंपापासून कॉम्प्रेसर आणि फ्रिज, जनित्रापासून वीज जोडणारं-तोडणारं स्विचगिअर. कागदावर ही यादी भरकटल्यासारखी वाटते. कारखान्याच्या फरशीवर उभं राहून बघितलं तर ती एकाच ओळीत उभी आहे.

या ओळीचं एक टोक महाराष्ट्रातही आलंय. डेक्कन क्वीनला वर्षानुवर्षं जे डब्ल्यूकॅम-३ इंजिन लागायचं, त्याच्या सहाही धुऱ्यांवर एचएस १५२५०ए ही हिताचीच्या डिझाइनची ट्रॅक्शन मोटार, म्हणजे चाकं फिरवणारी मोटार, होती. मालगाड्यांच्या डब्ल्यूएजी-७ ला तीच, प्रवासी गाड्यांच्या डब्ल्यूएपी-४ लाही तीच. ६३० किलोवॉटची, साडेतीन टनांच्या आसपास वजनाची. या मोटारी चित्तरंजनच्या रेल्वे इंजिन कारखान्यात आणि भेलमध्ये बनल्या. जपानची ती फक्त रचना. कल्याण शेड आणि भुसावळच्या वर्कशॉपमध्ये ज्यांनी काम केलंय त्यांना ती कम्युटेटरपासून बेअरिंगपर्यंत तोंडपाठ असते. डीसी मोटार असल्यामुळे कार्बन ब्रश आणि कम्युटेटरचं लचांड होतंच, पण धुळीत, घाटात, उन्हाळ्यात, तिप्पट माणसं बसलेल्या गाडीखाली ती टिकली. खाणीतल्या मोटारीचा वारसा म्हणायला हरकत नाही.

ओळीच्या दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. खाणीतलं तांबं वितळवताना सल्फर डायऑक्साइडचा धूर सुटायचा आणि भोवतालच्या गावांची पिकं, झाडं करपायची. शेतकऱ्यांशी वाद पेटला. भरपाया दिल्या, बुटक्या चिमण्या करून पाहिल्या, उपयोग झाला नाही. शेवटी डोंगरावर १५५.७ मीटर उंचीची चिमणी बांधली. १९१४ च्या अखेरीस पुरी झाली तेव्हा ती जगातली सगळ्यात उंच होती. हवामानाच्या नोंदी ठेवून वाऱ्यानुसार भट्टी मंद करायची पद्धतही लावली. करपलेल्या डोंगरावर धुराला दाद न देणारी चेरीची झाडं लावली, आणि आज हिताची शहर चेरीच्या बहरासाठी ओळखलं जातं. खाण १९८१ मध्ये बंद झाली. चिमणी १९९३ मध्ये कोसळली, खालचा सुमारे तिसरा हिस्सा उभा राहिला. कोणी याला उदारपणा म्हणतं. मला वाटतं, गावकरी हटले नाहीत म्हणून हे घडलं.

घराण्याचा प्रश्न. मित्सुबिशीमागे इवासाकी होते, मित्सुई आणि सुमितोमो तर नावातच घराणी. हिताचीत तसं झालं नाही, कारण तिचा मालक बुडाला. पहिलं महायुद्ध संपल्यावर कुहाराच्या व्यापारी कंपनीला सट्ट्यात जबर फटका बसला. तो राजकारणात गेला आणि धंदा त्याचा मेहुणा आयुकावा याच्या हाती आला, तोच तोबाता फाउंड्रीवाला. आयुकावाने १९२८ मध्ये मूळ खाण कंपनीचं रूपांतर निहोन सांग्यो या होल्डिंग कंपनीत, म्हणजे इतर कंपन्यांचे शेअर धरून ठेवणाऱ्या कंपनीत, केलं आणि तिचे शेअर सर्वसामान्य लोकांना विकले. या नावाचं बाजारातलं आखूड रूप म्हणजे निस्सान. निस्सानची मोटारगाडी आणि हिताची या अशा एकाच घरातल्या. मालकी विखुरलेली, आणि हिताचीत कारभार इंजिनियरांच्या हाती. ओदाइरा पगारी माणूसच होता. हा कंपनीचा स्वभाव पुढे तिला तारणारही ठरला आणि मारणाराही.

दुसऱ्या महायुद्धाचा काळ लवकर उरकतो. हिताची लष्करी उत्पादनात पुरती गुंतली होती. १९४५ च्या जूनमध्ये बी-२९ विमानांनी समुद्राकाठच्या कारखान्यावर एकेक टनाचे बॉम्ब टाकले, शेकडो कामगार मेले. जुलैत युद्धनौकांनी तोफा डागल्या आणि पाठोपाठ आगीच्या बॉम्बनी शहर जाळलं. १९४७ मध्ये अमेरिकी अंमलाखाली ओदाइराला पद सोडावं लागलं. १९५० मध्ये कंपनीने साडेपाच हजारांच्या आसपास लोकांना कमी केलं आणि मोठा संप झाला. जपानी कंपनी कोणाला काढत नाही असं सांगणाऱ्यांनी ते वर्ष लक्षात ठेवावं. नोकरीची ती प्रसिद्ध हमी अशा संपांनंतरच्या तडजोडीतून आली.

पुढची तीस वर्षं वैभवाची. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून (जीई) वीजनिर्मितीचं, तिथल्याच आरसीएकडून इलेक्ट्रॉनिक्सचं तंत्रज्ञान परवान्यावर घेतलं आणि स्वतःच्या प्रयोगशाळेत ते पुढे नेलं. १९६० मध्ये जपानी रेल्वेसाठी हिताचीने मार्स-१ ही संगणकावरची आसन आरक्षण यंत्रणा उभी केली. आपल्याकडे आरक्षणाच्या जाड वह्या १९८० च्या दशकापर्यंत चालल्या, यावरून अंदाज करा. १९६४ मध्ये, टोकियो ऑलिंपिकच्या वर्षी, हानेदा विमानतळाची मोनोरेल हिताचीने धावती केली, आणि शिनकान्सेनच्या पहिल्या गाड्या बनवणाऱ्यांतही ती होती. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, अणुभट्ट्या, मोठे संगणक. १९९० च्या सुमाराला जगातल्या पहिल्या तीन चिप कंपन्या एनईसी, तोशिबा आणि हिताची होत्या.

याच वैभवाला एक डागही आहे. आयबीएमशी सुसंगत, म्हणजे आयबीएमचे प्रोग्राम चालवणारे, संगणक विकायचे म्हणजे आयबीएम पुढे काय करणार ते आधी कळायला हवं. १९८२ मध्ये एफबीआयने सिलिकॉन व्हॅलीत एक बनावट सल्लागार कंपनी थाटून जाळं लावलं आणि आयबीएमची गुपितं विकत घेताना हिताचीची माणसं सापडली. पुढच्या वर्षी कंपनीने गुन्हा कबूल केला. दंड अवघा १०,००० डॉलर, पण आयबीएमशी तडजोड करताना मोजावी लागलेली रक्कम त्याच्या कितीतरी पट.

मग पोखरली कशी? जी सवय वाढवत होती, तिनेच. लागेल ते घरात बनवायचं, आणि बनवायला लागलो की त्याची कंपनी काढायची. २००९ पर्यंत हिताचीच्या शेअर बाजारात नोंदलेल्या उपकंपन्याच २२ होत्या. आता याचा हिशेब बघा. उपकंपनीत मूळ कंपनीचा हिस्सा पन्नास-साठ टक्के. म्हणजे चांगल्या चालणाऱ्या कंपनीचा निम्मा नफा बाहेरच्या भागधारकांकडे. तोट्यातले विभाग मात्र बहुतेक मूळ कंपनीच्या पोटात, त्यांचा तोटा शंभर टक्के आपला. वर प्रत्येक कंपनीला वेगळा अध्यक्ष, वेगळी खरेदी, वेगळा हिशेब, आणि दोन भावंडं एकाच टेंडरला एकमेकांविरुद्ध उभी. इंजिनियरांच्या कंपनीत ‘हे बंद करू’ असं म्हणणारा माणूस निपजत नाही. प्रत्येक यंत्र कोणाच्या तरी हयातीची कमाई असते.

त्यात बाजार फिरला. मेमरी चिपमध्ये कोरियन कंपन्या पुढे गेल्या. हिताचीने तो धंदा एनईसीबरोबरच्या एल्पिडा या भागीदारीतल्या कंपनीत टाकला, बाकी चिपा मित्सुबिशी इलेक्ट्रिकबरोबरच्या रेनेसासमध्ये. प्लाझ्मा टीव्हीवर पैसा ओतला. २००३ मध्ये आयबीएमचा हार्ड डिस्क विभाग सुमारे २ अब्ज डॉलरना घेतला आणि वर्षानुवर्षं तो तोट्यात राहिला. मार्च २००९ ला संपलेल्या वर्षी, जागतिक मंदीच्या तडाख्यात, निव्वळ तोटा निघाला ७८७.३ अब्ज येन. जपानी कारखानदारीतला तोवरचा सगळ्यात मोठा.

तेव्हा त्यांनी ६९ वर्षांच्या ताकाशी कावामुरांना परत बोलावलं. मूळचे जनित्रांच्या डिझाइनमधले, हिताची कारखान्यात वाढलेले, पुढे मुख्य कंपनीतून बाजूला होऊन उपकंपन्यांवर गेलेले. त्यांच्याबद्दलची एक गोष्ट जपानमध्ये सगळ्यांना माहीत आहे. १९९९ मध्ये अपहरण झालेल्या ऑल निप्पॉनच्या विमानात ते प्रवासी होते. अपहरणकर्त्याने कॅप्टनला ठार केलं, विमान खाली खाली जात होतं, आणि ड्यूटीवर नसलेल्या, प्रवासी म्हणून बसलेल्या एका वैमानिकाने कॉकपिटमध्ये घुसून ते सावरलं. कावामुरा स्वतः सांगतात की आपल्यामागे निर्णय घेणारा दुसरा कोणी नाही असं समजून वागायचं, हे त्यांना कारखान्यातल्या वरिष्ठांनी शिकवलं होतं; विमानात ते डोळ्यांदेखत घडताना पाहिलं.

त्यांनी केलं ते सांगायला सोपं आहे. धंद्यांच्या दोन याद्या केल्या, जवळ आणायचे आणि दूर सारायचे. वीज, रेल्वे, पाणी, आणि त्यांना जोडणारी माहिती यंत्रणा जवळ. टीव्ही, चिप, हार्ड डिस्क दूर. पाच नोंदणीकृत कंपन्या लगेच पूर्ण मालकीच्या करून घेतल्या, म्हणजे नफ्याची गळती बंद. हार्ड डिस्कचा धंदा कसाबसा नफ्यात आला आणि त्याच वेळी, २०११ मध्ये, तो वेस्टर्न डिजिटलला विकायचं ठरवलं. मला यातलं सगळ्यात कठीण काम हेच वाटतं. तोट्यातला धंदा कोणीही विकायला काढतो आणि कवडीमोल भाव घेतो. नुकताच सुधारलेला विकायला छाती लागते.

त्यांच्यामागून आलेले हिरोआकी नाकानिशी आणि तोशिआकी हिगाशिहारा यांनी तीच वाट धरली. हिताची केमिकल २०२० मध्ये शोवा डेन्को या जपानी रसायन कंपनीला विकली. केबल आधीच मेटल्समध्ये विलीन झाली होती, ती मेटल्स २०२३ च्या सुरुवातीला बेन कॅपिटल या अमेरिकी गुंतवणूक कंपनीच्या गटाकडे गेली आणि नावही बदलून प्रोटेरियल झालं. वार्निश गेलं, तार गेली, पोलाद गेलं. नोंदणीकृत उपकंपन्या शून्यावर आल्या. जुन्या माणसांना हे जिव्हारी लागलं असणार. पण १९१२ मध्ये वार्निश घरी करावं लागलं ते बाजारात मिळत नव्हतं म्हणून. आज मिळतं, आणि दहा ठिकाणी चांगलं मिळतं.

विकलेल्या पैशातून त्यांनी काय घेतलं, ते न बघता पोखरली असं म्हणणं बरोबर नाही. २०१५ मध्ये इटलीच्या आन्साल्दोचे रेल्वे धंदे, २०२४ मध्ये फ्रान्सच्या थालेसचा रेल्वे सिग्नलिंग विभाग. २०२१ मध्ये ९.६ अब्ज डॉलरना ग्लोबललॉजिक ही सॉफ्टवेअर कंपनी. ती किंमत मला तेव्हाही जास्त वाटली, आताही वाटते. आणि २०२० मध्ये स्वित्झर्लंडच्या एबीबीचा पॉवर ग्रिड विभाग, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या यंत्रणेचा धंदा, आधी ८०.१ टक्के आणि दोन वर्षांनी उरलेला. हा सौदा खरा मोठा. आपल्या चंद्रपूरहून पडघ्याला येणारी ५०० किलोव्होल्टची डीसी वाहिनी एबीबी आणि भेलने उभारली होती, साडेसातशे किलोमीटरची, १,५०० मेगावॉटची. ते तंत्र आणि ती माणसं आता हिताची एनर्जीत आहेत, त्या विभागाचं आजचं नाव तेच. मुंबईसाठी कुडूस ते आरे या नव्या डीसी वाहिनीचं कामही त्यांनाच मिळालं.

सगळं जमलं असंही नाही. ब्रिटनमध्ये अणुवीज केंद्र बांधायला २०१२ मध्ये होरायझन ही कंपनी घेतली, २०१९ मध्ये काम थांबवून सुमारे ३०० अब्ज येनवर पाणी सोडलं आणि पुढच्या वर्षी पूर्ण अंग काढून घेतलं. दक्षिण आफ्रिकेतल्या औष्णिक केंद्रांवरून मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीजशी झालेला वाद २०० अब्ज येन देऊन मिटवावा लागला. पण तोशिबाशेजारी ठेवून बघा. दोघी एकाच धंद्यातल्या, दोघींचं जीईशी जुनं नातं. तोशिबाने २००६ मध्ये वेस्टिंगहाउस ही अमेरिकी अणुभट्टी कंपनी घेतली, २०१५ मध्ये हिशेबातले फुगवटे उघडे पडले, २०१७ मध्ये वेस्टिंगहाउस दिवाळखोरीत गेली आणि २०२३ च्या अखेरीस तोशिबा शेअर बाजारातून बाहेर पडली. हिताचीने होरायझनमध्ये ३०० अब्ज येन सोडले, पण वेळेवर सोडले.

आकड्यांत बघायचं तर २००८-०९ मध्ये उलाढाल १०,००० अब्ज येन होती आणि तोटा वर सांगितला तेवढा. २०२४-२५ मध्ये उलाढाल ९,७८० अब्ज येनच्या आसपास, म्हणजे वाढलेली नाहीच, आणि निव्वळ नफा ६१५ अब्जांवर.

आजची माझी शंका वेगळी आहे. जगभर ट्रान्सफॉर्मरची टंचाई आहे. डेटा सेंटर, सौर आणि पवन केंद्रं, जुन्या वाहिन्या बदलणं, सगळं एकदम आलंय. हिताची एनर्जी कारखाने वाढवायला अब्जावधी डॉलर घालतेय. मोठा ट्रान्सफॉर्मर अजूनही बऱ्याच अंशी माणसाच्या हातानेच गुंडाळला जातो, आणि चांगला वाइंडर तयार व्हायला काही वर्षं लागतात. पैसा ओतून ते वर्षभरात होत नाही. आणि होईपर्यंत मागणी ओसरली तर? मेमरी चिपमध्ये हेच झालं होतं: सगळ्यांनी एकाच वेळी कारखाने वाढवले आणि भाव कोसळले. फरक इतकाच की ट्रान्सफॉर्मर तीस-चाळीस वर्षं चालतो, आणि त्याची देखभाल, तेलाची तपासणी, सुटे भाग यांचं काम तितकीच वर्षं मिळत राहतं. हिताचीने या वेळी त्याच कामावर जास्त भिस्त ठेवलेली दिसते.